तिसऱ्या रिळातली छत्री

पोस्टमन लाइल पाकीट दारातच ठेवून जातो.
बर्फ तिसऱ्या पायरीपर्यंत चढलंय, आणि त्याला माहीत आहे,
या घरात बिलं सोडली तर येतात ते सिनेमेच.
बोटांवर फुंकर घालून मी नखानं प्लॅस्टिक सोलतो.
तोच सिनेमा. चौथ्यांदा.

पहिल्यांदा मीच भरला होता कॅसेटवर, मध्यरात्री,
मधूनमधून टायरच्या जाहिराती.
मग ती ताटाएवढी लेझर डिस्क,
खून होता होता उठून धिरड्यासारखी उलटायची.
मग डीव्हीडी, जिच्यात सगळ्यांचेच चेहरे मेणाचे.
आणि आता ही.
सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय: निगेटिव्ह जळाली,
एक प्रिंट माँटेविडिओत मिळाली, एका शिंप्याच्या तळघरात,
डब्यांना व्हिनेगरचा वास.
त्र्याण्णव मिनिटं, सेकंदाला चोवीस चौकटी.
बंदरावर मी तीस वर्षं लोहखनिज तोललं, आकडा दिसला की हात थांबत नाही:
एक लाख तेहेतीस हजार नऊशे वीस.
कुणीतरी एकेक पुसली.

माझ्या फळ्या सालाप्रमाणे लावलेल्या नाहीत.
पहिलीवर, बोलून बोलून सापडलेले खुनी.
दुसरीवर, काहीतरी विसरून आलेले.
खालच्या फळीवर, जे प्रेमापायी पकडले गेले;
तिथे वाकताना हल्ली गुडघा कुरकुरतो.

शहाऐंशीच्या जानेवारीत आर्डिस याच खोलीत
मोजा विणत होती. मान खाली.
तिसरं रीळ चालू होतं, हॉटेलची लॉबी,
आणि ती म्हणाली, "डॉक्टर. तो छत्री घेऊन आलाय."
छत्री? कुठली छत्री?
मी टेप मागे नेली, पुढे नेली, पुन्हा मागे.
पडद्यावर कोळशाची भुकटी, आणि डॉक्टर कोरडा ठणठणीत.
"दाखव. बोट ठेवून दाखव."
तिनं टाके मोजले, दिवा मालवला, झोपायला गेली.
शेवटी डॉक्टरच निघाला.
पण छत्री नव्हतीच, हे मी पाच वर्षं तिला ऐकवत राहिलो,
ती सूटकेस घेऊन जाईपर्यंत.

आज लॉबी उघडली
तेव्हा काळ्यामागून काळं वेगळं होत गेलं.
भिंतीच्या कागदावर नेची. डॉक्टरच्या बाहीचा उसवलेला काठ.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात,
ते त्याच्या गालावर पडलेलं इतक्या वर्षांत मी पाहिलंच नव्हतं.
आणि कोपऱ्यात, कुंडीतल्या ताडामागे, टेकवलेली
छत्री.
ओली.
"संध्याकाळभर मी इथेच बसलोय," डॉक्टर म्हणतो,
आणि त्याच्या मागे गालिच्यात
खरोखरच पाणी मुरतंय.

पण तेव्हा ती कॅसेट होती. त्या भुकटीत
गरुडालाही दिसलं नसतं.
मी पुन्हा लावलं. मग पुन्हा, आवाज वाढवून.
नवा साउंडट्रॅक, खरखर धुऊन काढलेला.
दोन वाक्यांच्या मध्ये:
टप.
बराच वेळ काही नाही.
टप.

टूसॉनला फोन लावला. तिनं सातव्या रिंगला उचलला.
"ऑर्विल? तुझ्याकडे बारा वाजून गेले असतील."
म्हटलं, छत्री होती.
"कुठली छत्री?"
म्हटलं, तो सिनेमा, तो डॉक्टर, तू मोजा विणत होतीस.
"मोजे तर मी ढीगभर विणले," ती म्हणाली.
"तिकडे बर्फ पडतंय का?"
म्हटलं, थांब, बघतो,
आणि बघायला काही गेलो नाही. रिसीव्हर कानाशी धरून
गप्प बसलो.
तिच्याकडे कुठलातरी पंखा फिरत होता.
एक कुत्रा पाणी पीत होता, बहुधा मोठा.
तिनं कुत्रा पाळलाय, हे मला माहीत नव्हतं.

डिस्क अजून टेबलावरच आहे.
कुठल्या फळीवर ठेवायची, ते ठरत नाही.